बाटल्या फोडायला आमचाच तलाव सापडतो का?

रविवारी संध्याकाळी आमची चांदी लंगडत गोठ्यात आली. म्हैस आहे, सात महिन्यांची गाभण. पायाला हात लावू देईना. शेवटी भावानं शिंगं धरून ठेवली, मी मोबाईलचा उजेड पाडला, तेव्हा दिसलं. दोन खुरांच्या मधल्या मऊ जागेत तपकिरी काच रुतली होती, बोटाच्या पेराएवढी. बिअरच्या बाटलीची. चिमट्यानं ओढली तशी ती अंगभर थरथरली आणि रक्ताची धार लागली. माय वाटीत हळद घेऊन आली आणि म्हणाली, "मुडद्यायले घरी जागा नाई का पियाले?"

तेच विचारायचंय मला. नाही का जागा?

पावसाळा लागला की दर शनिवार-रविवारी चिखलदऱ्यात हेच. अमरावती, अकोला, नागपूरकडून गाड्यांची रांग लागते. या ना, कोणी नाही म्हटलंय? तुम्ही आलात तर आमचा खवा-रबडी विकली जाते, कणीस भाजणाऱ्या बाईच्या घरी चार पैसे जातात. पण येऊन करता काय? घाटात वळणावर गाडी उभी, चारी दारं उघडी, गाणी कानठळ्या बसतील एवढी मोठी आणि रस्त्याच्या मधोमध नाच. मागं एसटी खोळंबलेली. त्या एसटीत परतवाड्याच्या दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसं असतात, बाळंतीण असते. हॉर्न वाजवला तर ड्रायव्हरच्याच अंगावर धावून जातात.

पंचबोल पॉइंटला पंचबोल का म्हणतात, माहीत आहे? एक हाक मारली की दरीतून ती पाच वेळा परत येते म्हणून. आता तिथं स्पीकर घेऊन जातात. लहानपणी बाबा मला तिथं घेऊन जायचे आणि आधी गप्प उभं राहायला सांगायचे. वारा थांबला की मग हाक. आता हाक मारायला जागाच ठेवली नाही.

आणि एवढं करून वर म्हणायचं, "इथं पाहण्यासारखं काहीच नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात एकानं गाडीची काच अर्धी खाली करून मला विचारलं, "दादा, अजून काय आहे इकडं?" मी मनापासून सांगितलं, गाविलगडावर जा. विचारलं, "किती चालावं लागतं?" मी सांगेपर्यंत काच वर गेली होती. थोडं पुढं जाऊन त्याच काचेतून कागदी प्लेट बाहेर पडली.

अरे, तो गड आमच्या गवळ्यांच्या नावाचा आहे! आधी गवळ्यांची मातीची गढी होती म्हणतात, मग १४२५ च्या सुमारास बहमनी अहमदशहानं पक्का किल्ला उभारला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं तो घेतला. हाच वेलस्ली पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा होता. गडाच्या शार्दूल दरवाजावर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पुराणातला पक्षी, कोरलाय, हत्ती कोरलेत, समोर उभं राहिलं की मान दुखेपर्यंत पाहत राहावं. तिथल्या दगडावर तुम्ही गाडीच्या किल्लीनं बदाम काढता, नावं खरवडता. ज्यानं ते हत्ती कोरले त्यानं स्वतःचं नाव एवढं मोठं लिहिलं नाही हो!

भीमकुंडाचंही तसंच. कीचकाला मारून भीमानं तिथं हात धुतले असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, कीचकदरा म्हणून चिखलदरा. त्या कड्यावर पाय लोंबकळत सोडून रील काढतात. शेवाळलेला दगड कसा निसटतो ते आम्हाला विचारा. खाली कोणी गेलं तर दोर बांधून दरीत उतरायला इथलीच पोरं लागतात.

माकडांना चिप्स घालू नका म्हणून सांगून दमलो. आता वानरं बायांच्या हातातली पिशवी ओढतात आणि लोक त्यांनाच दगड मारतात. सवय कोणी लावली?

पण सगळ्यात जास्त जीव जळतो तो पाण्यासाठी. अकराशे मीटरच्या या माथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण थांबत नाही, कड्यावरून खाली पळून जातो. उरतं ते तलावात. उन्हाळ्यात इथल्या बाया एका हंड्यासाठी टँकरची वाट पाहत बसतात, तेव्हा तुम्ही नसता. ढोरं पितात, रानातली जनावरं रात्री उतरतात, ते याच काठांवर. आणि तिथंच बाटली आपटून फोडायची. रिकामी झाली तर परत न्या ना गाडीत! येताना भरलेली आणली, तेव्हा जड नाही झाली. फोडून काय मिळतं? आवाज? एवढ्या आवाजासाठी आमच्या गाभणीचा पाय?

सोमवारी सकाळी मी पोतं घेऊन काठावर गेलो. गवतात काच दिसत नाही, हातानं चाचपून शोधावी लागते. तासाभरात पोतं निम्मं भरलं. त्यात बाळाचे डायपर होते, थर्माकोलच्या वाट्या होत्या, केकचा डबा होता. कोणाचा तरी वाढदिवस झाला होता. पोराबाळांना घेऊन आलेली माणसं होती ती. पोरांसमोर टाकलं हे सगळं.

ढोरांचा डॉक्टर येऊन गेला, दोन इंजेक्शनं दिली. चांदी अजून तो पाय टेकवत नाही, आणि दूध देणारी दुसरी म्हैस याच वाटेनं जाते. उद्या शनिवार. दोन दिवस ढोरं तलावावर सोडायची नाहीत असं घरात ठरलंय. मी आणि भाऊ विहिरीवरून बादल्यांनी पाणी आणणार. एक म्हैस दिवसाला किती पाणी पिते, ते एकदा येऊन वाहून पाहा.