पोर आत घ्या म्हणता, मग मोजत का नाही?

'सगळ्यांना प्रवेश द्यायचा की शिक्षणाचा दर्जा सांभाळायचा' हा परिसंवाद आता बंद करा. पुण्यात दर दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या सभागृहात तो झडतो आणि ऐकून ऐकून कान किटलेत. गरिबांची पोरं शाळेत आली म्हणून शिकवणं बिघडलं, असा त्यातला सूर असतो. पोरांनी काहीही बिघडवलेलं नाही. एका कायद्याने त्यांना आत घ्यायचं आणि दुसऱ्या आदेशाने हिशोबातून वगळायचं, या कारभाराने बिघडवलंय.

वाघोलीच्या दगडखाणीवर किंवा उंड्रीच्या बांधकामावर राबणाऱ्या घरातली आठ वर्षांची मुलगी घ्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम ४ सांगतं की तिला वयानुरूप वर्गात बसवा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. दोन्ही कलमं सोन्यासारखी आहेत. बाई नाव लिहून घेतात, मुलगी तिसरीत बसते.

इथपर्यंत सगळं ठीक. मग येतं आधार. तिचं आधार एक तर काढलेलंच नसतं, नाहीतर ते तान्हेपणी काढलेलं निळं बाल आधार असतं, बोटांचे ठसे नसलेलं. असलंच तर रजिस्टरला 'लक्ष्मी' आणि आधारवर 'लक्षमी'. जन्मतारीख आईने अंदाजाने सांगितलेली, ती दोन्हीकडे वेगळी. नाव, लिंग, जन्मतारीख यांतलं एक जरी जुळलं नाही तरी सरकारच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर ती 'अवैध'. दुरुस्तीला जन्मदाखला हवा, तो गावच्या ग्रामपंचायतीत. तो आणायला जायचं तर बापाचे दोन दिवसांचे रोज बुडतात. तो जात नाही, आणि त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही.

आता संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याचा हिशोब. तो आधार वैध झालेल्या पटावर धरायचा असा आदेश. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. शाळेत रोज ६४ मुलं बसतात, त्यातली पाच अवैध. राहिली ५९. तिसऱ्या शिक्षकाचं पद गेलं, बाई 'अतिरिक्त' ठरल्या, समायोजनात दुसरीकडे गेल्या. मुलं मात्र ६४ च आहेत, त्याच सतरंजीवर बसलेली! कागद नसला तरी घ्या म्हणून ज्यांना घेतलं, त्यांच्याच कागदापायी उरलेल्या ५९ जणांचाही शिक्षक जातो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं? त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले, तर 'गुरुजींना काम नको' म्हणून वर ओरड कारभाऱ्यांचीच.

दोन शिक्षकांत पाच वर्ग म्हणजे काय, ते मिनिटांत बघा. कायदा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवा म्हणतो, म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. तिसरीच्या वाट्याला ८० मिनिटं, त्यात भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास सगळं.

आता या ८० मिनिटांत लक्ष्मीला ५२ वजा १७ शिकवायचंय. तिने उत्तर लिहिलंय ४५. हे धांदरटपणाने चुकलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले, पाच लिहिले. पाचातून एक काढला, चार लिहिले. शेजारच्या तिघांचंही उत्तर ४५ च असतं. फळ्यावर 'हातचा घ्या' असं दहा वेळा सांगून ही चूक जात नाही. काड्या घ्याव्या लागतात, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून सात सुट्या मागायच्या आणि गप्प बसायचं. पोर अडतं, इकडेतिकडे बघतं, मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा काढला, तीन उरले. पस्तीस. ते रबर पोराने स्वतःच्या हाताने काढलं पाहिजे, बाईंनी काढून दाखवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ४५. पाच जणांच्या गटाला रोज वीस-पंचवीस मिनिटं, सलग दोन-तीन आठवडे. मध्ये चार दिवस खंड पडला की मागे येऊन पुन्हा सुरुवात. मुलांचा दर्जा सुधारायचा तो असा. दुसरी कुठलीही जादू नाही, टॅब नाही, ॲप नाही.

आणि नेमका खंडच पडतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'अति तातडीचे, आज १२ पर्यंत लिंक भरणे'. तीच माहिती गेल्या आठवड्यात यू-डायसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर भरलेली असते, आता एक्सेलमध्ये वेगळ्या क्रमाने हवी. पोषण आहाराची रोजची नोंद आहेच, उपस्थितीला १०० ग्रॅमने गुणून तांदूळ, सहावीपासून १५०, शिल्लक जुळली नाही तर खुलासा. पाणी गेलं, रेंज गेली, सर्व्हर बसला, तरी लिंक गुरुजींनीच भरायची. वर बीएलओचं, म्हणजे घरोघर मतदारयादी तपासायचं काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं वगळून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदारयादीचं काम सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशीच द्या. मग शाळेच्या दिवशी, भर दुपारी सोसायट्यांच्या गेटवर गुरुजी याद्या घेऊन का उभे असतात?

आई-बाप हे सगळं बघतात आणि पोट मारून खाजगी शाळा धरतात. तिथे गरिबांच्या मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांचा रस्ताही ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने अरुंद केला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. आपली शाळा पुरेशी आहे असं सरकारला खरंच वाटत होतं, तर त्या शाळेला पाच वर्गांना पाच शिक्षक द्यायला कुणी हात धरले होते?

याच पुण्यात १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली. जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं आणि त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित हवेत, त्यांना पगार चांगला हवा, हेही मागितलं. एक आधी, दुसरं नंतर, असं म्हटलं नव्हतं.

करायचं काय, हे अवघड मुळीच नाही. संचमान्यतेला वर्गात बसलेली डोकी मोजा. खोट्या पटाची भीती वाटत असेल तर न सांगता तीन वेळा या आणि मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. आधार जुळवायचं तर मशीन घेऊन शाळेत या, बापाला गावाला पिटाळू नका. प्रत्येक केंद्राला एक डाटा ऑपरेटर द्या आणि एकदा भरलेली माहिती पुन्हा मागितली तर मागणाऱ्याकडून लेखी कारण घ्या. शाळेच्या वेळेत कुठलीही लिंक पाठवायची नाही, एवढा एक आदेश तरी काढा आणि पाळा.

नाहीतर जे दरवर्षी होतं तेच होईल. बांधकामाचा स्लॅब पूर्ण होतो, मुकादम टोळी हलवतो, लक्ष्मीचं बिऱ्हाड एका रात्रीत टेम्पोत चढतं. दाखला न्यायला कुणी येत नाही. नव्या शाळेने ऑनलाइन मागणी केली नाही तर पोर्टलवर तिचं नाव 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्या मुलांच्या यादीत जातं आणि तिथेच पडून राहतं. आणि ती जाईपर्यंत वजाबाकी दुसऱ्या आठवड्यापर्यंतच आलेली असते.