नारळ, तीन नग

व्हाउचरवर ‘नारळ, ३ नग, १०५ रुपये’ असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात ‘कृष्णेचा वेग मोजणे’. त्यावर मुख्याध्यापकांचा लाल शाईतला शेरा आला: ‘धार्मिक खर्च शाळेस मंजूर नाही.’

सांगलीच्या पोरांना नदी वेगळी काय शिकवायची? आयर्विन पुलाची पातळी सातवीच्या पोरांना पाढ्यासारखी पाठ असते. इशारा ४० फूट, धोका ४५, २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर. पण क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) म्हणजे काय विचारलं, तर उत्तर येतं, “सर, ते कोयनेतनं सोडत्यात.” म्हणून पस्तीस पोरं घेऊन घाटावर गेलो.

पद्धत सोपी आहे. काठाला धरून दहा मीटर टेपनं मोजायचे, दोन्ही टोकांना झेंड्या रोवायच्या. वरच्या झेंडीच्या थोडं आधी तरंगणारी वस्तू सोडायची, म्हणजे झेंडीपाशी येईतो तिला धारेचा वेग लागलेला असतो. मग झेंडी ते झेंडी सेकंद मोजायचे, असं तीनदा. वस्तू मात्र बघून घ्यावी लागते. थर्माकोल पाण्यावर नुसता बसतो, त्याला वारा ढकलतो आणि नदीऐवजी वाऱ्याचा वेग निघतो. संत्रं उत्तम, पण गेल्या वर्षी डझनभर संत्र्यांपैकी घाटावर फक्त सालं पोचली. सोललेला नारळ बराचसा बुडून चालतो आणि तो वाटेत कुणी खात नाही, असा माझा समज.

कमरेएवढ्या पाण्यात एक मामा उभे होते. हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक, नाणी वेचायला. पहिला नारळ सातव्या मीटरला आला तसा त्यांनी तो अलगद उचलला, कपाळाला लावला आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकला.

“मामा, तो आमचा आहे.”

“व्हता. पान्यात पडला की माईचा.”

“अहो, वाहिलेला नाही. वेग मोजायला सोडलाय.”

“पैसं देऊन आनला न्हवं?”

“हो.”

“सोताच्या हातानं सोडला?”

“हो.”

“मग गुरुजी, वाहनं म्हंजे आनि काय असतंय?”

पस्तीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. बी.एड.ला हे शिकवलेलं नाही.

“बरं, निदान दहा मीटर तरी जाऊ द्या त्याला.”

“सातापातूर माझं. म्होरं दुसरा असतोय.”

कृष्णेच्या पाण्यावरून राज्यांचा तंटा मिटवायला १९६९ साली लवाद नेमावा लागला. इथं दोन माणसांनी हद्द परस्पर आखून घेतली होती आणि तिच्यात एका नारळाचीही तक्रार नव्हती.

दुसरा नारळ लांब फेकला, तर मामा पोहत गेले. परत येऊन वर मलाच सुनावलं, “काठाला कशाला सोडताय? काठाचं पानी आळशी. मधल्या धारंत सोडा.” हे बरोबर होतं, आणि राग त्याचाच आहे. तळाला आणि काठाला घासून पाणी मंदावतं, वरचं आणि मधलं पळतं. म्हणून तर पृष्ठभागाचा वेग ०.८५ नं गुणून घ्यायचा. मामांना ०.८५ माहीत नव्हतं, पण नारळ कुठून येणार ते माहीत होतं. त्यांच्या सल्ल्यानं सोडलेला तिसराही त्यांनीच उचलला.

वहीत तीन रकाने कोरे. तेवढ्यात पुलावर एक मोटार थांबली, काच खाली झाली आणि गाठ मारलेली निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी खाली आली. अर्धी बुडालेली, धारेच्या मधोमध. पोरांनी घड्याळ दाबलं. पिशवी सातव्या मीटरला आली, मामा बाजूला सरकले. पुढच्या हद्दीतला माणूसही सरकला. दहा मीटर, पंचवीस सेकंद, कुठंही अडथळा नाही.

म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर, ०.८५ नं गुणून ०.३४. रुंदी ५० मीटर आणि सरासरी खोली २ मीटर धरली (धरली म्हणतोय, खोली मोजायला पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडावी लागते आणि पोरांना कठड्याशी न्यायची परवानगी कोण देणार), तर सेकंदाला ३४ घनमीटर. एका घनमीटरात सुमारे ३५.३ घनफूट, म्हणजे १२०० क्युसेक. दिवसभर ११,५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, होतो, म्हणून या हिशेबानं एका टीएमसीला साडेनऊ दिवसांहून जास्त लागतील. कोयना धरणात असे १०५ मावतात. पोरांनी पहिल्यांदाच त्या आकड्याला ‘बाप रे’ म्हटलं.

‘नदीचे उपयोग’ लिहायला सांगितले की पोरं लिहितात: पिणे, शेती, वीज, मासेमारी. समोर नाला फेसासकट नदीत उतरत होता. तो उपयोग कोणत्या क्रमांकावर घालायचा, असं एका पोरीनं विचारलं. मी वेळ संपली म्हणून सांगितलं.

शेरा वाचून मी मुख्याध्यापकांना सगळं समजावलं. हद्द, धार, पिशवी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि व्हाउचर परत माझ्याकडं सरकवलं.

“मग पुढच्या वर्षी नारळ कशाला? पिशवीचीच वाट बघा. ती फुकट येते.”