तळाशी उरलेली बुटांची जोडी

परवा जेवणं झाल्यावर भाचा मोबाईलवर टायटॅनिकच्या सांगाड्याचा व्हिडिओ बघत बसला होता. गंजून लोंबणारे कठडे, चिनी मातीच्या बशा अजून एकाशेजारी एक. मध्येच मान वर करून म्हणाला, "मामा, बशा हायत, मग माणसं कुठं गेली?"

मी ठोकून दिलं, "माशांनी खाल्ली असतील की बे."

म्हणालो खरा, पण झोप येईना. मासे हाडं थोडीच संपवतात? मग चार दिवस मिळेल ते वाचत सुटलो.

आपल्या सोलापूरकरांचं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा आणि उजनी. बुडालेलं माणूस दोन-तीन दिवसांत वर येतं, एवढं आपल्याला पक्कं ठाऊक. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशीची बोट वादळात उलटून सहाजण गेले, ते आठवतं ना? शरीर आतून कुजतं, वायू धरतो, फुगून वर येतं. पण टायटॅनिक आहे सुमारे ३,८०० मीटरवर. पाणी गोठायच्या बेताचं आणि दाब आपल्या हवेच्या पावणेचारशे पटींहून जास्त. तिथे वायू धरणार कसा आणि फुगणार कसा? तळाला गेलेला माणूस तळालाच राहतो.

अर्थात टायटॅनिकच्या अपघातात गेलेल्या सुमारे १,५०० जणांतले बरेच जण बोटीबरोबर खाली गेलेच नाहीत. लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगत थंडीने गेले. कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मृतदेह शोधायला निघालेल्या मॅके-बेनेट या जहाजाला ३०६ मृतदेह सापडले. आणलेलं सामान कमी पडलं, म्हणून त्यातले ११६ वजन बांधून परत समुद्रात सोडले. ते बहुतेक करून खलाशी आणि स्वस्त तिकिटाचे लोक. पहिल्या वर्गाला शवपेटी मिळाली. मेल्यावर सगळे सारखे म्हणतात, ते बोलायला.

जे तळाला गेले त्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज कॅनडातल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगावरून येतो. त्यांनी मेलेली डुकरं ३०० मीटरपर्यंत खोल सोडून कॅमेरे लावले. कोळंबीच्या भाऊबंदातले बारके जीव झुंडीने आले आणि काही दिवसांत नुसता सांगाडा उरला. हाडांनाही गिऱ्हाईक आहे. ओसेडॅक्स नावाचे किडे, २००२ साली कॅलिफोर्नियाजवळ देवमाशाच्या सांगाड्यावर सापडलेले. त्यांना तोंड नाही, पोट नाही. झाडासारखी मुळं हाडात रोवतात आणि आम्ल सोडून ते पोखरतात. शिवाय टायटॅनिक शोधणारे बॅलार्ड सांगतात की तेवढ्या खोलीवरच्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे उघडी पडलेली हाडं हळूहळू विरघळून जातात.

आणि बूट राहतात. चामडं टॅनिनने कमावलेलं, ते जिवाणूंना पचत नाही. आपल्या कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतात, तीच गोष्ट. तळाच्या चिखलात बुटांच्या जोड्या शेजारी शेजारी पडल्यात. २००४ मध्ये काढलेल्या एका फोटोत तर कोट आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला बूट. मधला माणूस तेवढा नाही. तो फोटो मी दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला.

मला खरं बोलायचंय ते पुढचं. २०२० मध्ये टायटॅनिकवरच्या वस्तू काढायचा हक्क असलेल्या कंपनीला बोटीचं छत कापून आतला मार्कोनीचा वायरलेस संच वर आणायचा होता. अमेरिकन सरकारने हरकत घेतली, आत मानवी अवशेष असू शकतात म्हणून. कंपनीचं म्हणणं, एवढ्या वेळा खाली गेलो, एक हाड दिसलं नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. मला तो अजिबात पटला नाही.

आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि पंढरपूरला चंद्रभागेत सोडली. आज तिथे गाळ काढून बघितला तर काय सापडणार? काही नाही. म्हणून तिथे उभं राहून मी हात जोडायचे नाहीत का? शेजारचे मित्र लिंगायत, त्यांच्यात बसवून मातीला देतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर शांतपणे म्हणाले, "माती पण खातीच की ओ. कोण लवकर, कोण सावकाश." ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली, १९४ जण गेले, कॅप्टन मुल्लाही बोटीबरोबर. उद्या कुणी म्हणालं, आता हाडं नसतील, चला घंटा काढून तिकीट लावू, तर चालेल आपल्याला?

उलट बाजूही आहे, तीही सांगतो. २००९ साली एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं होती. जवळपास टायटॅनिकएवढ्याच खोलीवर दोन वर्षांनी विमानाचा सांगाडा सापडला, आणि तिथून शंभरावर मृतदेह वर आणता आले. म्हणजे दोन वर्षांत सगळं संपतंच असंही नाही. तेव्हा नातेवाईकांत दोन तट पडले. कुणाला आपलं माणूस हवं होतं, कुणी म्हणालं आता आहे तिथेच राहू द्या. दोघांपैकी कुणाला चूक म्हणायची माझी तयारी नाही. पण निदान तिथे घरच्यांना बोलता तरी आलं. वायरलेस संचासाठी कुणाला विचारणार?

काल भाच्याला सगळं सांगितलं, किड्यांसकट. त्याला किडेच जास्त आवडले. मग म्हणाला, "मग आजोबांच्या चपला पण राहतील?"

अण्णांच्या कोल्हापुरी माळ्यावर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत आई त्या खाली काढते, तेल लावते आणि परत वर ठेवते. घरात कुणाच्याच मापाच्या नाहीत.