थोडंसं तेलपाणी

जुन्या सायकलीच्या व्यवहारात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काही झालेलं नाही तिला, थोडंसं तेलपाणी केलं की पळेल." हे म्हणणारा एक तर सायकल विकत असतो, नाहीतर आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात मारत असतो. माझी तीन गिअरची, इंग्लिश बनावटीची पोलादी सायकल याच वाक्यासोबत घरी आली. पाणी कुठं मुरलंय ते मला सीट काढून तिला उलटी केल्यावर कळलं. नळीतून खरोखरच पाणी आलं, विटकरी रंगाचं, आणि त्यापाठोपाठ एक वाळलेली गांधीलमाशी.

अशी सायकल नीट करायची तर आधी सगळी सुटी करावी लागते. सुटी करायला बसलं की गाठ पडते कॉटरशी. क्रँकला, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं त्याला, मधल्या ॲक्सलशी जखडून ठेवणारी ही करंगळीएवढी पाचर. एका अंगाने तासलेली, बारीक टोकाला आटे, आट्यांवर नट. नट सैल करून टोकावर ठोका मारला की कॉटर पलीकडून अलगद बाहेर येतो, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचा कॉटर सज्जन असावा. बाकीच्यांचा कॉटर पहिल्या ठोक्याला आटे गमावतो, पुढच्याला मान वाकडी करतो आणि मग आतही जात नाही, बाहेरही येत नाही. नको असलेल्या पाहुण्यासारखा नुसता बसून राहतो.

जाणकार मंडळी नट टोकापर्यंत परत चढवतात, म्हणजे मार नटाने खावा, आट्यांनी नाही. क्रँकखाली लोखंडी पाइप उभा करतात, नाहीतर सगळा दणका बेअरिंगच्या वाट्याला जातो. आणि घाबरतघाबरत टकटक न करता एकच ठोका मारतात, पण मनापासून. मी रात्री तेल सोडायचो, सकाळी ठोकायचो आणि दिवसभर शेजाऱ्यांची नजर चुकवायचो. खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन, हात मागे बांधून, बराच वेळ बघत उभे राहिले. "निघणार नाही तो," एवढं सांगून गेले. जिन्यात असतानाच 'फाट्' असा आवाज झाला आणि कॉटर कपाटाखाली गेला. काका परत वर आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता नवा कॉटर. या इंग्लिश सायकलींना 9.5 मिलिमीटर जाडीचा लागतो, दुसऱ्या कित्येकींना 9 चा. अर्ध्या मिलिमीटरने काय होतं, असं ज्याला वाटतं त्याने 9 चा घालून बघावा. पायडल मारताना दर फेऱ्याला 'टक्' असा जाब विचारला जातो.

पुढे मधल्या ॲक्सलचे कप, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, काढायच्या. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, पण पायडलं काढताना मात्र डावं उलट्या आट्यांचं. चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून हे केलंय. हेतू चांगला आहे, पण सैल करण्याच्या जिद्दीने पाना हातात घेतलेला माणूस किती वेळ घट्टच करत बसतो, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

टायरांचं प्रकरण मी लेकीच्या हवाली करून पाहिलं, कारण तिला तेव्हा शाळेत अपूर्णांक चालू होते. 26 इंची म्हणवणाऱ्या टायरांची रिमवर बसायची मापं 559, 571, 584, 590 आणि 597 मिलिमीटर, अशी निदान पाच. त्यातही 26 × 1.75 हा 559 चा आणि 26 × 1¾ हा 571 चा.

"बाबा, पण पॉइंट सात पाच म्हणजे तीन चतुर्थांशच ना?"

"हो."

"मग?"

"सायकलीत नाही."

तिने वही मिटली आणि आईला हाक मारली. गणितावरचा लेकरांचा विश्वास असा उडतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मागच्या चाकातला हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली, पोटात तिन्ही गिअर ठेवणारी डबी, उघडला. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा, एडब्ल्यू नावाचा. तो बघितला आणि मी हातोडा खाली ठेवला. 1936 साली बाजारात आलेली ही रचना. मधला गिअर थेट, वरचा त्याच्यापेक्षा तेहतीस टक्के चढा, खालचा पंचवीस टक्के उतरता, आणि सगळं एका डबीत बंद. हबवर महिना आणि साल ठोकलेलं असतं, त्यामुळे चाक मूळचं असेल तर सायकलीचं वय लपत नाही. आतले दाते नवे असल्यासारखे लखलखत होते. बाहेर गंजाने धुमाकूळ घातला होता तेव्हा हे आत निवांत तेलात बसून होते. याची खोड एकच: गिअरची तार जरा इकडेतिकडे झाली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये काहीच लागत नाही. चढावर उभं राहून जोर लावावा आणि पायडलं हवेत फिरावीत, हा अनुभव माणसाला नम्र करतो. कधीकधी आडवाही करतो.

हब शाबूत, पण त्याच्याभोवतीची रिम पार कुजलेली. आणि हबला भोकं चाळीस. दुसऱ्या कित्येक सायकलींना पुढे-मागे छत्तीस-छत्तीस आरे असतात; जुन्या इंग्लिश सायकलीला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस. भार मागे जास्त पडतो, म्हणून आरे मागे जास्त, हे बरोबरच आहे. पण चाळीस भोकांची सुटी रिम शोधायला निघालं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतात, मग घड्याळाकडे.

शेवटी या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. रिमसाठी अख्खी दुसरी सायकल आणली. पार्टपुरती, असं घरी सांगून. तिला कापडाने पुसली तर खाली मूळचा काळा रंग, त्यावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा जशाच्या तशा. फ्रेम सरळ, पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ, कॉटर तर एका ठोक्यात निघाले. बायको दाराशी उभी राहून म्हणाली, "हिलाच नीट कर की मग."

मीही तेच ठरवलंय. पहिलीचे भाग आता दुसरीला लावतोय. दुसरीची तशी एकच वस्तू कामातून गेलेली आहे, मागची रिम.