दोन सरकारांच्या मधला पोस्टमन मीच का?

पंधरा वर्षांचा रोड टॅक्स एकरकमी भरलेली गाडी घेऊन मी बेंगळुरूहून पुण्याला आलो. आई-वडिलांचं वय झालंय, म्हणून आलो. चोरीची गाडी नाही, दंड थकलेला नाही, विमा आणि पीयूसी चालू आहे. तरी गेले कित्येक महिने मी दोन राज्यांच्या खिडक्यांवर खेटे घालतोय. आता डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

कायदा वाचला नसता तर कदाचित इतका संताप झाला नसता. मोटार वाहन कायदा 1988, कलम 47: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यायचा. ठीक आहे, घेतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र लागतं, ते कलम 48. आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत ऑफिसने नकार कळवला नाही, तर एनओसी दिली असंच धरायचं. संसदेने केलेला कायदा आहे हा! माझ्याकडे अर्जाची पोच होती, तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. खिडकीमागच्या माणसाने ती पोच हातातसुद्धा घेतली नाही. "सिस्टीमला अप्रूव्हल दिसत नाही." विषय संपला. कायदा काय म्हणतो याला तिथे काडीची किंमत नाही, स्क्रीनवर काय दिसतं तेवढंच खरं.

बरं, ती स्क्रीन तरी कोणाची? दोन्ही राज्यांतली ऑफिसं गाड्यांच्या नोंदणीच्या एकाच 'वाहन' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर काम करतात. माझा चेसिस नंबर, कर्जाचा बोजा, भरलेला कर, चलनं, सगळं दोघांनाही दिसतं. मग एनओसीच्या अर्जाच्या, म्हणजे फॉर्म 28 च्या, तीन-तीन प्रती कशाला? चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा कशाला? कर्ज बाकी म्हणून बँकेचं वेगळं पत्र, गाडी कुठल्या गुन्ह्यात अडकलेली नाही याचा वेगळा कागद, आणि हे सगळं मी हातात घेऊन फिरायचं. जे कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला सांगायचं, ते नोकरी बुडवून मी जाऊन सांगायचं.

आणि फाटकाबाहेर एजंट बसलेलाच असतो. तो तेच फॉर्म, तेच ठसे, तीच पोच घेतो आणि म्हणतो, "साहेब, काळजी करू नका, होऊन जाईल." होऊनही जातं. म्हणजे आतली अडचण कागदाची नव्हतीच! प्रामाणिकपणे रांगेत उभा राहणारा माणूस मूर्ख ठरावा अशीच ही रचना आहे, आणि ती बदलायची कोणाला घाईही नाही.

आता पैशांचं बघा. वाहन कर हा राज्यांचा विषय, त्यामुळे कर्नाटकाने पंधरा वर्षांचा आगाऊ घेतलाय. महाराष्ट्र म्हणतो, उरलेल्या वर्षांचा आमच्याकडे भरा. आमच्याकडे नव्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे 11 ते 13 टक्के, डिझेलला 13 ते 15 टक्के दर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी लागतो, पण रक्कम तरी मोठीच. बरं, कर्नाटककडून उरलेल्या वर्षांचे पैसे परत कधी? आधी इथे कर भरा, इथला नंबर घ्या, नवीन आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात येऊ दे, मग ती तिकडे दाखवून अर्ज करा. म्हणजे त्याच रस्त्यावर चालणाऱ्या त्याच गाडीचा त्याच वर्षांचा कर दोन सरकारांकडे एकाच वेळी जमा! मध्यमवर्गीय माणसाने हे पैसे कुठून आणायचे? आणि ते अडकलेले असतात तोवर त्यावरचं व्याज कोण देणार? कोणी नाही.

बीएच सिरीज, म्हणजे देशभर चालणारा 'भारत' नंबर आहे ना, असं प्रत्येक जण सांगतो. आहे, 15 सप्टेंबर 2021 पासून. दोन-दोन वर्षांचा कर भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. चांगली योजना आहे. पण मिळते कोणाला? सैन्यदलात असलेल्यांना, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या नोकरदारांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खाजगी कंपन्यांच्या लोकांना. माझ्या कंपनीची ऑफिसं दोन राज्यांत. दुकानदार, छोट्या शाळेतली शिक्षिका, स्वतःचा धंदा करणारा, म्हाताऱ्या आई-बापासाठी गाव गाठणारा मुलगा, यातल्या कोणालाच ती नाही. राज्य बदलण्याचा हक्क काय फक्त मोठ्या कंपनीच्या ओळखपत्रावर मिळतो?

लायसन्सची वेगळीच तऱ्हा. लायसन्स अख्ख्या देशात चालतं, फक्त पत्ता बदलायचा. पण ते जुनं असेल आणि लायसन्सच्या 'सारथी' या ऑनलाइन प्रणालीवर त्याची नोंद नसेल, तर आधी जिथून काढलं त्या ऑफिसने ती नोंद करायची. फोन कोणी उचलत नाही, ईमेलला उत्तर नाही. बायकोचं लायसन्स असंच अडकलंय.

आणि पत्त्याचा पुरावा! आपल्याकडे भाडेकरार साधारण अकरा महिन्यांचा होतो. नोटरी केलेला चालत नाही, रजिस्टर केलेलाच हवा. तो मिळवून, कागद जुळवून, अर्ज पुढे सरकेपर्यंत करार संपत येतो. मग नवा करार, आणि घर बदललं तर नवा पत्ता. तोपर्यंत प्रत्येक मोठ्या चौकात परराज्याची पाटी बघून शिट्टी वाजणार. गाडी राज्यात कधी आली हे सिद्ध करायला मी टोलच्या पावत्या गाडीत घेऊन फिरतो. घरच्या गाडीतून आईला दवाखान्यात नेताना रस्त्याच्या कडेला थांबून या पावत्या दाखवाव्या लागल्या आहेत. ती मागच्या सीटवर, पाठ धरून बसलेली. याची चीड मी विसरणार नाही.

हे करता येत नाही असं मला कोणी सांगू नये. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. एका राज्यात बनलेला साबणाचा खोका दुसऱ्या राज्यात विकला गेला की आयजीएसटीमधून (आंतरराज्य विक्रीवरच्या जीएसटीमधून) त्या राज्याचा हिस्सा त्याला पोचतो, सरकारं आपसात हिशेब मिटवतात. साबण घेणाऱ्याला कोणी म्हणत नाही की आधी दोन्हीकडे कर भर आणि मग परतावा मागायला ये. 2015 पासून मोबाईल नंबर देशभर तोच ठेवता येतो. एकच फास्टॅग देशभरच्या टोलनाक्यांवर पैसे कापतो. पैसे कापायचे असले की देश एक होतो. परत द्यायचे असले की राज्याची हद्द लागते.

माझा नवा एमएच नंबर आलाय. नवी हाय सिक्युरिटी पाटी, विम्यात बदल, फास्टॅगवर बदल, सगळ्याचे पैसे वेगळे भरले. परताव्याचा अर्ज तिकडे केलाय. परवा कळलं की जोडलेली आरसीची प्रत चालणार नाही, साक्षांकित हवी, आणि ती घेऊन मी स्वतः यायचं. ज्या आरसीची नोंद त्यांच्याच स्क्रीनवर दिसते, तिची प्रत दाखवायला साडेआठशे किलोमीटर! मी जाणार नाही. लेखी तक्रार दिली आहे, माहिती अधिकारात अर्जही टाकलाय, आणि कलम 48 ची ती ओळ दोन्हीकडे जोडली आहे. या वेळी उत्तर लेखीच द्यावं लागेल त्यांना.