गूळ-ताक ओतून टाकीतला नायट्रोजन जात नाही हो

मे महिना तोंडावर आला की होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा मला चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे तर घरचेच. मेसेज असा की एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, पैसे घालवू नका, संडासाच्या टाकीत महिन्यातून एकदा गूळ, ताक आणि शेणाचं कल्चर ओता, बाहेर काचेसारखं शुद्ध पाणी येतं, आणि त्यात काही राहिलंच तर ते खत आहे, खाडीत मासळी वाढेल, समुद्र एवढा मोठा, त्याला काय होतंय. मी गेली पाच वर्षं सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस काढण्यावरच काम करतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

काचेसारखं पाणी, बरं. मिठाचं पाणीसुद्धा काचेसारखंच दिसतं ना? टाकीत जड ते खाली बसतं, तेलकट ते वर येतं, मधलं पाणी निवळतं, बस. माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, त्यातला बहुतेक लघवीतून, आणि लघवी काही तळाला बसत नाही. तो अमोनिया होऊन सरळ शोषखड्ड्यात जातो, आपल्या जांभ्या दगडाला भोकंच भोकं, आणि पुढे विहीर, पऱ्या (म्हणजे ओढा), खाडी.

आता गूळ-ताक, कारण लोकांना खरं पटलंय ते हेच. टाकीत जीवाणू कधी कमी नसतात हो, कमी असते ती हवा. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू वेगळे, ते ताकातही नसतात, आणि १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, बंद टाकीत तो जवळपास शून्य. वर ते वाढतात इतके हळू की एकदा जूनमधे रात्रभर लाईट गेली, माझ्या रिॲक्टरचा, म्हणजे प्रयोगाच्या टाकीचा, हवेचा पंप बंद पडला, तर अमोनिया परत खाली यायला दोन आठवडे लागले. पुढची पायरी बरोब्बर उलटी, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडायचा तर तिथे ऑक्सिजन नको आणि जीवाणूंना खायला काहीतरी हवं. इथे गूळ खरंच चालतो! त्यांना नेहमी घालतो ते ॲसिटेट संपलं तेव्हा मी स्वतः कॅन्टीनमधून आणून घातलाय, सरांना नंतर सांगितलं. पण टाकीत नायट्रेट झालेलंच नसेल तर गूळ घालून करणार काय, नुसता गॅस आणि वास वाढणार.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नसणार. अमोनियाचं नायट्रेट होताना पाणी आंबट होत जातं, १ ग्रॅम नायट्रोजनमागे सातेक ग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आंबटपणा मारायची ताकद, खाल्ली जाते, आणि आपल्या जांभ्यातलं विहिरीचं पाणी मुळातच क्षारतेला गरीब. घाटावर चालणारा प्लांट इथे तस्साच बसवला तर कधीकधी ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) चालू असूनही अमोनिया हलत नाही, तो यामुळे. मी खाण्याचा सोडा घालून बघितला, सुटला. ताकाने तर आंबटपणात भरच.

फॉस्फरसबद्दल मेसेजमधे अवाक्षर नाही. त्याचा वायू होऊन उडून जात नाही, एकतर गाळातून उपसायचा नाहीतर चुना-तुरटीने बसवायचा. गाळातल्या जीवाणूंकडूनच तो जास्तीचा शोषून घ्यायची पद्धत दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी १९७०च्या दशकात बसवून दाखवली, त्यांना २०११ साली सिंगापूरचा ली क्वान यू वॉटर प्राइझ मिळाला.

खत म्हणता ना, मग हिशोबच करू. २० पाहुणे म्हणजे रोज २०० ग्रॅम नायट्रोजन. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो असतो. म्हणजे घर भरलेलं असताना शंभरेक दिवसांत एक अख्खी गोणी पऱ्यात ओतली, आणि तीही कधी, तर पऱ्या सुकलेला आणि खाडीत वरून गोडं पाणी येत नाही त्या दिवसांत. अशा वेळी ते "मोठ्या समुद्रात" जातच नाही, भरती-ओहोटीसोबत खाडीतच पुढेमागे करत राहतं.

मासळीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. पावसाळ्यात खोलातलं पाणी वर येतं, त्यासोबत पोषकद्रव्यं येतात आणि समुद्र पोसला जातो. पण त्याच पाण्यात ऑक्सिजन अगदी कमी असतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर ही ऑक्सिजनची टंचाई वाढल्याचं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले (एनआयओ) शास्त्रज्ञ नक्वी यांनी २००० सालीच दाखवलंय. खाडीत शेवाळ माजलं की दिवसा हिरवंगार दिसतं आणि रात्री तेच ऑक्सिजन ओढतं, मग तिसऱ्या-कालवं अशी शिंपल्यातली मासळी पळून जाणार कुठे?

लहान होमस्टेला लाखोंचा प्लांट लागतोच असं माझं म्हणणं नाही. टाकीपुढे एक कप्पा, त्यात टायमरवर चालू-बंद होणारा छोटा ब्लोअर, चालू असताना पहिली पायरी (अमोनियाचं नायट्रेट), बंद असताना दुसरी (नायट्रेटचा वायू), त्यात बिलही वाचतं. आणि पाणी तपासायला द्याल तेव्हा अमोनिया आणि नायट्रेट फॉर्मवर वेगळं लिहून द्या, नाहीतर नुसता बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचा आकडा, येतो हातात, कारण २०१७च्या एसटीपीच्या नियमांत नायट्रोजन नाहीच.