ट्रॅक्टर ओळीत जाईल का, हे विचारणारीला हसू नका

आज दुपारी चुलत दिरांचा मुलगा पेढे घेऊन आला. दसऱ्याला ट्रॅक्टर आणतोय, ५० एचपीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही म्हणे. यानेही ११ हजार टोकन देऊन टाकलं. बाग तीन एकर, सगळी द्राक्षं, वाय पद्धत म्हणजे इंग्रजी वायच्या आकाराच्या अँगलवर चढवलेले वेल, ९ बाय ५ फुटांची लागण. त्याची आई, म्हणजे माझी जाऊ, मागून हळूच म्हणाली, "अरे, पण हा फवारणीचा ब्लोअर मागे घेऊन आपल्या ओळीत जाईल का?"

ओट्यावरचे चारही जण हसले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त पूजेचं ताट तयार ठेवा."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. आता साडेदहा वाजलेत, सगळे झोपलेत आणि माझं डोकं काही शांत होत नाहीये. अख्ख्या ओट्यावर कामाचा प्रश्न तिने एकटीने विचारला होता.

आमच्याकडेही असाच ट्रॅक्टर आला होता. २०१८ साली, ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह. हार, गुलाल, फटाके, सगळं झालं. मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, ते माझ्या मनाला अजून लागतं. पुढच्या वर्षी दिवाळीत काय झालं ते आमच्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीतल्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास छाटलेली आमची बाग, घड बाहेर पडलेले, डीपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची, तयारी चाललेली, आणि पाऊस थांबेचना. यांना डेंग्यू झालेला, सलाईनवर. एका सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून धाकटे दीर ६०० लिटरचा ब्लोअर भरून आत शिरले. तिसऱ्या ओळीत मागचं चाक जागेवर फिरायला लागलं. जितकी रेस द्यावी तितकं खाली. बघता बघता चाक अर्धं काळ्या मातीत आणि ट्रॅक्टर तिरपा होऊन वेलांच्या आधाराच्या लोखंडी अँगलला टेकला.

शेवटी वजन कमी करायला टाकीचा कॉक सोडला. तयार केलेलं सगळं औषध चाकोरीतून पांढरं वाहत गेलं. मी बांधावर उभी राहून ते बघत होते.

हे विसरता येत नाही हो.

शेजारच्यांचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आला आणि त्याने आमचा हत्ती ओढून काढला. त्या माणसाची स्वतःची फवारणी अर्धी सोडून तो आला होता. नंतर चार दिवस आमच्या बागेत ट्रॅक्टर गेलाच नाही. दीर आणि मी पाईप ओढत चिखलातून गनने फवारत होतो, दिवसाला जेमतेम पाऊण एकर. सहाव्या दिवशी घडांवर डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, दिसली. आधी पांढरट, मग तपकिरी, आणि हात लावला की घड तळहातावर गळून पडायचा.

त्या वर्षी फोर व्हीलवाल्यांच्याही बागा गेल्या, हे खरं आहे. पाऊसच तसा होता. पण ते निदान आत जाऊ शकले. आमचं औषध मातीत गेलं.

म्हणून सांगते, ट्रॅक्टर वर्षातल्या त्या चार वाईट दिवसांसाठी घ्यायचा असतो. पोंगा, म्हणजे डोळा नुकता फुटतो तेव्हापासून, ते फुलोरा या काळात पाऊस पडला की पान ओलं, घड ओला, डाऊनीला हेच हवं असतं. उघडीप मिळेल तेवढ्या तासांत तीन एकर फवारून झाले पाहिजेत. रोडवर ट्रॅक्टर कसा दिसतो, चौकात गाणं केवढ्याने वाजतं, याचा त्या दिवशी काय उपयोग?

माप काढा ना जरा! ९ फुटांची ओळ म्हणजे ट्रॅक्टरला ९ फूट मिळत नाहीत. दोन्हीकडचे बोद, म्हणजे वेलांखालचे मातीचे उंच वरंबे, वजा करा, वायचे हात वजा करा, त्यावरून खाली लोंबणाऱ्या काड्या वजा करा. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदी सहा फुटांच्या आसपास. तो एका बाजूला ड्रीपची नळी कापत जातो आणि दुसऱ्या बाजूला कोवळी फूट मोडत जातो. वायऐवजी डोक्यावर पसरलेला मांडव असेल तर अजून वाईट. उभा सायलेन्सर वरची पानं भाजत जातो आणि चालवणारा मान वाकवून बसतो. ओळीच्या टोकाला वळायचं तर मागे ब्लोअर, पुढे बांध, बाजूला शेवटच्या अँगलला जमिनीशी ओढून धरणारा तारेचा ताण. आमच्या मोठ्या ट्रॅक्टरने असे दोन ताण उपटलेत.

"मोठा घे, ताकद राहते," असं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. इंजिनाची एचपी बोनेटवर लिहिलेली असते, पीटीओला त्याहून कमी मिळते, आणि आपल्याला विचारायची ती पीटीओची. पीटीओ ५४० ला फिरवायला इंजिन किती आरपीएमवर ठेवावं लागतं तेही विचारा, डिझेल तिथेच जळतं. २४ एचपीचा छोटा ६०० लिटरचा ब्लोअर आरामात चालवतो, मी रोज चालवते. महिंद्राचा जिवो २४५ घ्या नाहीतर कुबोटाचा बी २४४१, दोन्ही २४ एचपीचे, दोन्ही फोर व्हीलमध्ये येतात, कंपनीवरून माझ्याशी भांडू नका. ऑक्टोबरात फोन केल्यावर ज्याचा मेकॅनिक त्याच दिवशी बागेत येतो, तो घ्या.

पण फोर व्हीलच घ्या. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. मुरमाड जमिनीवाल्यांचं टू व्हीलवर भागत असेल, मी आमच्या काळ्या मातीचं बोलतेय. पुढची चाकं ओढायला लागतात तेव्हा जो फरक पडतो तो सीटवर बसल्याशिवाय कळत नाही. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉकही असतो, सरळ ओळीत लावायचा आणि वळायच्या आधी सोडायचा. फोर व्हील डांबरी रोडवर लावून ठेवायचा नाही, टायर झिजतात. आणि वजन! छोटा ट्रॅक्टर पाऊण टनाच्या आसपास, मोठा दोन टनांच्या. हंगामभर त्याच चाकोरीतून कितीतरी वेळा जायचं. खालची माती दगडासारखी झाल्यावर पांढरी मुळी, अन्नपाणी ओढणारी, चालत नाही म्हणून परत औषधाच्या दुकानात जायचं, हे काय गणित आहे?

मोठ्या ट्रॅक्टरची कामं आहेत, मान्य. नांगरट, ट्रॉलीभर शेणखत, कांदा मार्केटला न्यायचा. त्यासाठी गावात भाड्याने चार ट्रॅक्टर मिळतात. ओल्या बागेत डाऊनीच्या तोंडावर भाड्याने कोणी येत नाही, प्रत्येक जण आपल्या बागेत असतो.

आणि चालवणार कोण, हे कधी कोणी विचारतं का? २०१९ ला यांना सलाईन लागली आणि दुसऱ्या दिवशी घरात चालवणारे एकटे दीर उरले. मी उंचीने पाच फूट. त्या ट्रॅक्टरचा क्लच दाबायचा तर मला सीटवरून पुढे घसरावं लागायचं, मग स्टेअरिंग छातीला. २०२१ ला तो विकला आणि छोटा घेतला, तेव्हा शोरूममध्ये मी आधी वर चढून बसले. क्लच पूर्ण दाबून बघितला. पॉवर स्टेअरिंग आहे का, पीटीओचा दांडा बसल्या जागेवरून हाताला येतो का, ते बघितलं. सेल्समन यांच्याशीच बोलत होता, तर हेच त्याला म्हणाले, "चालवणार त्या आहेत, त्यांना सांगा." त्या दिवसापासून आमच्या बागेची फवारणी माझ्याकडे आहे.

माझ्या जावेचा मुलगा दोन दिवस बाहेरगावी गेला तर त्यांची फवारणी कोण करणार? तीच ना? मग तिला ताट तयार ठेवायला काय सांगता?

पोराचा राग नाही आला मला. २४ वर्षांचा आहे. मे महिन्यातल्या पावसाने काड्यांत घडच कमी धरलेत, यंदा बाग किती लागेल याची त्याला झोप नाही, हे त्याच्या आईने मला सांगितलंय. एवढ्या सगळ्यात घरात काहीतरी नवं यावं, चार लोकांनी पाठीवर हात ठेवावा, असं त्याला वाटलं असेल. आम्हालाही २०१८ ला तेच वाटलं होतं. हसणारे मोठे होते, त्यांचा राग आलाय. त्यातल्या दोघांनी आमचा रुतलेला ट्रॅक्टर डोळ्यांनी बघितला होता.

सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केलाय का, हेही त्याला कोणी विचारलं नाही. पूर्वसंमतीच्या आधी बिल फाडलं की अनुदान गेलं.

मघाशी त्याला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी सातला बागेत ये, मी टेप आणि सुतळी घेऊन येते. शोरूमवाल्याकडून ट्रॅक्टरच्या रुंदीचा आकडा मागवून ठेव. आपण तेवढ्या अंतरावर दोन काठ्या धरू आणि पहिल्या ओळीतून शेवटपर्यंत चालत जाऊ, एक काठी तू धर, एक तुझी आई धरेल. काठ्या कुठे न अडकता गेल्या तर मी स्वतः पूजेला येईन. अडकल्या तर ११ हजारांवर पाणी सोडायचं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकू, सातला नको, साडेसहाला या. सातला पाणी सोडायचंय."